नकाशातले ठिपके

गुरुवारी दुपारी मी ग्रंथालयात परदेशी नियतकालिकांवर तारखेचे शिक्के मारत बसले होते. मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून समोरच्या टेबलावरच्या लीलाबाईंचा उपास होता आणि त्या खिडकीकडे पाठ करून संत्रं सोलत होत्या. हे काम हातच करतात, डोकं लागत नाही. उघडायचं, शिक्का मारायचा, मिटायचं. एका अंकात मधलं पान आपोआप उघडलं आणि एका समुद्रपक्ष्यानं माझ्याकडे पाहिलं. पांढरा, पाठीवर राखी, आणि चोच लाल. चोचीच्या टोकाजवळ एक काळी रेघ. मी शिक्का मारला तो माझ्याच डाव्या अंगठ्यावर. "काय गं, आता तुझीही नोंद करायची का रजिस्टरात?" लीलाबाई म्हणाल्या. मी हसले असेन. अंगठ्यावर जांभळ्या शाईत महिना आणि साल उमटलं होतं, तारीख पुसट होती. 'चोच लाल हुती, कुंकवात बुडवल्यावानी. आन् टोकाला काजळाची रेघ.' हे वाक्य मी वयाच्या दहाव्या वर्षी ऐकलं होतं, आणि चौदाव्या वर्षानंतर ते पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं.

मी लेख वाचला. भूमध्य समुद्रातली काही लहान बेटं, एक जरा मोठं आणि त्याच्या आजूबाजूला खडकांसारखी तीन. वाऱ्यानं जमिनीकडे झुकलेली खुजी झाडं. उंच कड्यांवर ससाणे. एका गुहेत, फार क्वचित दिसणारे, कुत्र्याच्या तोंडाचे समुद्रातले प्राणी. रात्री बिळांतून बाहेर येऊन तान्ह्या मुलांसारखं रडणारे पक्षी. काळसर निळ्या पाली, ज्या दुसरीकडे कुठंही नाहीत. आणि शेवटी असं, की या बेटांवर यापुढे कुणाला झाड तोडता येणार नाही, शिकार करता येणार नाही, अंडी उचलता येणार नाहीत. बेटांचं नाव दिलं होतं, ते मी तीनदा वाचलं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते नाव कधी नीट उच्चारता आलं नाही. ते नुसतं 'बेट' म्हणत, जसं जगात तेवढं एकच आहे. त्याच दुपारी टपालात त्यांचं कार्ड आलं होतं, अक्षरं मोठी, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. वाचायला-लिहायला ते पलटणीत शिकले होते, तेही इंग्रजी अक्षरांत. मराठी मुळाक्षरं त्यांना मी शिकवली. कार्डावर लिहिलं होतं, 'धनेशाची जोडी आली हाय. जुन्या कुंभ्याच्या ढोलीत डोकावून जाती. रविवारी आलीस तर बेटावर जाऊ.' आमच्या तळ्यातलं बेट, वाघजाईचं. दर सुट्टीत ते एकदा विचारत आणि दर सुट्टीत मला काही काम निघे.

नियतकालिकं ग्रंथालयाबाहेर नेता येत नाहीत. हा नियम मी स्वतः पाटीवर रंगवून घेतला होता. तरी मी अंक टेबलाच्या खणात ठेवला आणि ठरवलं की शनिवारी लीलाबाई गेल्यावर पिशवीत घालायचा, सोमवारी सकाळी परत ठेवायचा. पत्र लिहावंसं वाटलं नाही. हे लिहून कळवण्यासारखं नव्हतं. मला ते पान त्यांच्या हातात द्यायचं होतं आणि ते चष्मा शोधायला उठतील तेवढ्यात काय बोलायचं ते बोलायचं होतं. संध्याकाळी मी मंडईतून मेथी घेतली, खोलीवर येऊन निवडली, एका ब्लाउजची शिवण घातली. अंगठ्याची शाई साबणानं गेली नाही. मेथीच्या वासातही मला राहून राहून ओव्याचा वास येत होता. आता मागे वळून पाहते तेव्हा त्या संध्याकाळचं सगळं स्पष्ट दिसतं, दोऱ्याचा रंगसुद्धा. इतक्या साध्या दिवसाचं इतकं लक्षात राहू नये.

ओव्याचा वास त्या बेटाला होता. "पाय ठिवला की ववा चुरगाळल्यावानी वास. सगळं बेट त्या वासाचं," अप्पा सांगत. चव्वेचाळीस साली ते मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. मांडीत गोळी लागली, बरी झाली, पण डोंगर चढता येईना, म्हणून त्यांना आणि सातआठ जणांना समुद्रातल्या एका बेटावर पहाऱ्याला ठेवलं. तिथं एक दीपस्तंभ होता, विझवलेला, आणि एक म्हातारा, ज्याला कुणी तिथून हलवू शकलं नव्हतं. पहिल्या रात्री ते पक्षी रडायला लागले तेव्हा नांदे गावचा वाल्मीक अप्पांना म्हणाला, "येसाजी, हितं बाळंतिणी मेल्यात रं. काय तरी ठिवलं पायजे." नारळ कुठला मिळणार? त्यानं खडकावर पलटणीची बिस्किटं ठेवली आणि हात जोडले. सकाळी बिस्किटं नव्हती. तीन दिवस वाल्मीक समाधानात होता. चौथ्या दिवशी उजाडताना जाऊन बघतो तर काळ्या पाली बिस्किटं कुरतडतायत. "सरकारनं आमाला उपाशी ठिवलं आन् वाल्मीकनं पाली पोसल्या," हे सांगताना अप्पा दर वेळी हसत, आणि मग दर वेळी गप्प होत. वाल्मीक पुढच्या लढाईत गेला. त्या बेटाला आमच्या मुलखात दुसरा साक्षीदार उरला नाही.

मला जी गोष्ट सगळ्यात आवडायची ती म्हाताऱ्याची. शिपायांना डबाबंद मटणाचा कंटाळा आला होता. लाल चोचीचे पक्षी उघड्या खडकावर अंडी घालत. एका सकाळी सगळे टोपल्या घेऊन निघाले. वाटेवर तो म्हातारा हात पसरून उभा. बंदूक रोखली तरी हलेना. "मला कुटं त्याची भाषा येत हुती? पण म्या खाली बघितलं. त्यानं पायातलं काढून बाजूला ठिवलं हुतं. अनवाणी हुबा. म्हणलं, आगं बया, ह्ये तर आपलं वाघजाईचं रान." मग, देवराईत शिरताना काढतात तसे, अप्पांनी आपले बूट काढले. त्यांचं बघून वाल्मीकनं काढले. टोपल्या रिकाम्याच परत आल्या. पुढचे चार महिने म्हातारा अप्पांना बेट दाखवत हिंडला. दोघं आपापल्या भाषेत बोलत. मी विचारायची, काय बोलायचात? "त्यो त्याच्या झाडांचं बोलायचा, मी आपल्या. झाडाचं बोलनं कळतंय."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता नथू ग्रंथालयाच्या दारात उभा होता. माझा चुलतभाऊ. टोपी हातात, आत यावं की नाही अशा विचारात. टोपी हातात होती म्हणून मला कळलं. तो पुण्यात आला की आधी मोठ्यानं, "काय गं साहेबीण," असं म्हणत आत शिरायचा आणि वाचणारी मुलं वर बघायची. "अप्पा सकाळी व्हडी बांधायला गेलं," तो म्हणाला. "दोर हातातच हुता. बसलं ते बसलंच." एवढंच. मी खण ओढला, पर्स काढली, खण लोटला. अंक तिथंच होता. तो मी घेतला नाही. त्या क्षणी मला तो आठवला नव्हता असं मी पुढे काही दिवस स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. मला तो नीट दिसला होता. आता तो कुणाला दाखवायचा, एवढाच विचार मनात येऊन गेला.

एस. टी. पौडच्या रस्त्याला लागली. भुकूमच्या शेतांत हरभरा घाट्यांवर आला होता. लवळ्याच्या डोंगरावर शेरडं चरत होती, लांबून खडे सांडल्यासारखी. नथू खिडकीपाशी बसला आणि मला म्हणाला, तू बस खिडकीत, तुला लागतं. मला लहानपणी गाडी लागायची. नववीत मी पौडच्या शाळेतून पहिल्यांदा बक्षीस म्हणून नकाशांचं पुस्तक घेऊन आले ते याच रस्त्यानं, बैलगाडीतून, पुस्तक छातीशी धरून, आणि तरीही मला उलटी झाली. अप्पांनी आधी पुस्तक धरलं, मग मला. ते पुस्तक घरात देव्हाऱ्याच्या खाली ठेवलं जाई. त्याच वर्षी गावात कोळशाचा ठेकेदार आला.

आमच्या तळ्यात, म्हणजे धरणाच्या पाण्यात, पाणी भरलं की तीन टेकड्यांची तीन बेटं होतात. त्यातल्या मधल्यावर वाघजाईचं ठाणं. तिच्या रानातली वाळकी काटकीसुद्धा कुणी बाहेर आणत नाही. बाजूच्या दोन टेकड्या ठाण्याच्या नव्हेत, पण रान तेच होतं. तेच अंजन, हिरडे, जांभळी, तशाच मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, ज्यांवर शेकरू एका बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पाय खाली न लावता जाई. पाणी ओसरलं की भेकरं एका टेकडीवरून दुसरीवर चालत जात. ठेकेदाराला त्या दोन टेकड्या हव्या होत्या. बदल्यात तो गावच्या शाळेला पत्रे देणार होता. शाळेचं छप्पर गवताचं, लहानपणी पावसाळ्यात आम्ही तिथं पाट्या डोक्यावर धरून बसलेलो. मला पत्रे हवे होते. हे मी आधी सांगितलं पाहिजे.

चावडीत माणसं जमली. हैबतराव मध्ये बसले होते. गावात त्यांच्या शब्दाला वजन, आणि अप्पांचे ते बालमित्र, त्यामुळे चेष्टेचा पहिला हक्क त्यांचा. अप्पा उभे राहून म्हणाले, एक रान तीन टेकड्यांवर हाय, दोन तोडल्या तर तिसरी जगायची न्हाई. म्हणाले, मी ज्या बेटावर हुतो तितं पण असंच. मधल्या बेटाला हात लावत न्हाईत, आन् भवतालच्या खडकांना पण लावत न्हाईत. त्यांना पण ठावं हाय.

"कुटलं बेट?" मागून कुणीतरी. "कोंबड्या रडत्यात त्ये?" सगळी चावडी हसली. "येसाजी, पाली बिस्किटं खात्यात तितं सायबाची मडम पण असंल की एखादी," दुसरा म्हणाला. अप्पाही हसले. त्यांना वाटलं, हसतायत म्हणजे ऐकतायत. हैबतरावांनी हात वर केला. "अरं थांबा की. आपल्या गावात आता शिकलेलं मानूस हाय. सगुणे, तुझं ते नकाशाचं बुक आन जा. दावू दे बापाला बेट. हाय म्हणली तर ठेकेदाराला म्या सोता वाटंला लावतो."

मी धावत जाऊन पुस्तक आणलं. कंदिलाखाली ठेवलं. भूमध्य समुद्राचं पान. हैबतराव वाकले, मागची माणसं वाकली. अप्पांना जवळचं दिसत नसे आणि चष्मा तेव्हा नव्हता. त्यांनी बोट निळ्यावर ठेवलं आणि इटलीच्या किनाऱ्यापासून हळूहळू ओढत नेलं, पाण्यातून नेल्यासारखं. "हितं कुटं तरी," ते म्हणाले. "बघ सगू." बोट मोठं होतं, नखात माती होती. नखाच्या कडेला, निळ्यात, काळे ठिपके होते. एक जरा मोठा, तीन बारीक. नाव नव्हतं. मी मान वर केली. ठेकेदाराच्या शेजारी आमचे मास्तर बसले होते, स्वच्छ सदरा घालून. माझ्या मागे कुणीतरी अजून कोंबडीसारखा आवाज काढत होतं. मला वाटलं, मी हो म्हणाले तर हा आवाज माझ्या नावानं काढतील. मला वाटलं, पत्रे. असं काहीतरी वाटलं. मी "नाही" म्हणाले. 'न्हाई' नव्हे, मास्तरांसारखं स्वच्छ. "नकाशात असं काही नाही."

अप्पांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. बोट उचललं आणि धोतराला पुसलं, जसं ओलं झालं होतं. "मंग नसंल," म्हणाले. "बुकात न्हाई तर नसंल." आणि घरी येताना वाटेत त्यांनी मला विचारलं, शाळेवर पत्रं पडलं की आवाज किती व्हईल पावसात?

दोन उन्हाळे भट्ट्या धुमसत होत्या. धूर तळ्यावरून सरकत घरात येई आणि भाकरीला चव लागे. शेकरू मधल्या बेटावर गोळा झाली, तिथं भांडायची. अप्पा आपण होऊन वाघजाईच्या रानाची राखण करू लागले. सकाळी होडीनं जायचं, संध्याकाळी यायचं. समुद्रातल्या बेटाबद्दल ते पुन्हा एकदाही बोलले नाहीत. पाहुणे म्हणायचे, अप्पा, सांगा की इटलीचं. ते म्हणायचे, लई थंडी असती तितं. मला पुढच्या शाळेला पुण्याला त्यांनीच पाठवलं, कुणी नको म्हणत असताना. माझ्यावर त्यांचा राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता. त्यांना खरंच वाटलं असावं की आपण जे पाहिलं ते नव्हतं, किंवा होतं पण इतकं लहान की शिकलेल्या लोकांच्या हिशेबात ते धरत नाहीत. पंधरा वर्षं एका माणसानं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझा शब्द मोठा धरला. ग्रंथालयात मी किती नकाशे उघडले असतील, पण ते एक पान टाळून पुढं जायला हात शिकला होता.

घरी तुकाआत्यानं मला पाहून रडायला सुरुवात केली आणि मधेच थांबून विचारलं, जेवलीस का? सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी राख तळ्यात सोडायला निघाले तेव्हा मी चप्पल घातली. "बाईमानूस जातं व्हय कुटं राखंला?" आत्या म्हणाली. हैबतराव काठी टेकत अंगणात उभे होते. आता पाठीत वाकलेले. "येऊ दे तिला," ते म्हणाले. "येसाजीला दुसरं कोन हाय? आन् कोंडिबा, मला पण हात दे रं. म्या पण येतो."

होडी अप्पांचीच. वल्हं कोंडिबाकडे, जो त्यांच्याबरोबर सहा वर्षं राखणीला जात होता. पुढे नथू, मांडीवर मडकं. पाण्यावर धुकं होतं. जुनं गाव ज्या जागी खाली बुडालेलं आहे तिथं कोंडिबानं न सांगता होडी थांबवली. राख पाण्यावर थोडा वेळ तरंगली, पसरली, मग एकेक जड कण खाली गेला. परत वळताना माझ्या लक्षात आलं की आपण काठाकडे जात नाही. "व्हडीला सवय हाय," कोंडिबा ओशाळून म्हणाला. "आपसूक हिकडंच येती." धुक्यातून मधलं बेट वर आलं. एका बाजूला एक बोडकी टेकडी, दुसऱ्या बाजूला दुसरी, करवंदीची झुडपं तेवढी. मधे ते रान, गच्च, काळं, जसं मी चौदाव्या वर्षी शेवटचं पाहिलं होतं. वरून पंखांचा जोरदार फडफडाट गेला, वाफेच्या इंजिनासारखा. धनेश. एक, आणि जरा मागून दुसरा.

"उतरायचं न्हाई हां ताई," कोंडिबा म्हणाला. "सुतक हाय." मी म्हणाले, माहीत आहे. एका वल्ह्याचं अंतर ठेवून त्यानं होडी थोपवली. इथं थांबायचंच असतं. बेटाला पाय लावण्याआधी होडीतूनच मोठ्यानं हाळी द्यायची, आपलं नाव सांगायचं आणि काम सांगायचं, मग उत्तर आल्यासारखं काही, एखाद्या पाखराचा आवाज, ऐकू आलं की उतरायचं. आणि या हाळीत खोटं बोलायचं नाही. लहानपणी मी किती जोरात ओरडायची. 'मी सगुणा! काम काय न्हाई, शेकरू बघायला आलीया!' अप्पा हसून म्हणायचे, ह्ये पण कामच हाय. आणि मग ते स्वतःची हाळी देत, रोज, जसं रोज नव्यानं परवानगी लागते. चौदाव्या वर्षानंतर मी इथं का आले नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. इथली हाळी मला द्यायची नव्हती, एवढंच त्याचं कारण होतं.

"हाळी देऊ का?" मी विचारलं. कोंडिबानं हैबतरावांकडे पाहिलं. "दिऊ दे की," ते म्हणाले. "पाय थोडाच लावतीय. नुसतं बोलायला सुतक कसलं?" मग पाण्याकडे बघत, "त्यो रोज द्यायचा. गावातनं ऐकू यायची मला."

मी उभी राहिले. होडी हलली, नथूनं माझा पदर धरला. माझ्या हातात काही नव्हतं, ते पान पुण्याला खणात बंद होतं, आणि त्या वेळी मला ते हवंसंही वाटलं नाही. अंगठ्यावर शाई अजून होती. एवढ्या वर्षांत मी ग्रंथालयात कुजबुजण्याच्या वर बोलले नव्हते.

"मी सगुणा," मी म्हणाले. आवाज पुरेसा गेला नाही. पुन्हा म्हणाले, "मी सगुणा! येसाजीची लेक!"

रानात शांत होतं.

"काम?" कोंडिबा हळूच म्हणाला. विचारायची पद्धत असते. हैबतरावांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली होती आणि ते मान वर करून माझ्याकडे बघत होते, त्या दिवशी चावडीत बघत होते तसेच, कौतुकानं, शिकलेली पोर काय सांगते म्हणून.

"ठिपकं हुतं, अप्पा," मी ओरडले. "नकाशात चार ठिपकं हुतं. तुमच्या बोटापाशीच हुतं. म्या बघितलं हुतं."